कवळीला आलेलं रक्त

बाजारपेठेतलं ते फर्निचरचं दुकान चालू होतं, तेव्हा तिथे माशीसुद्धा विचार करून बसायची. पुढे ते बंद पडलं, मालकाने जागा 'स्मितदाता' म्हणवणाऱ्या एका महाराजांना भाड्याने दिली, आणि आता सकाळी शटर वर जायच्या आत रांग औषधांच्या दुकानाला वळसा घालून थेट पोस्टाच्या पेटीपर्यंत पोचायला लागली. रांगेतले लोक ओठ घट्ट मिटून उभे असत. बोलायचं झालंच तर तोंडावर हात धरून बोलत. आणि आतून बाहेर पडणारा प्रत्येक जण अशी बत्तिशी दाखवत यायचा, की रस्त्यावरच्या परक्या माणसालाही वाटावं, आपलं याच्याशी काहीतरी जुनं नातं असणार.

आत, जिथे पूर्वी सोफे मांडलेले असत तिथे भाविकांसाठी सतरंज्या होत्या. मधोमध न्हाव्याकडे असते तशी एक उंच खुर्ची, आणि खुर्चीमागे साक्षात स्मितदाता. गुलाबी झगा, गुलाबी शाल, गुलाबी सपाता, आणि हसले की या सगळ्यांवर कडी करणाऱ्या गुलाबी हिरड्या.

"दात म्हणजे कोण?" ते विचारत.

"भाडेकरू," गर्दी एका सुरात म्हणे.

"आणि हिरडी?"

"मालकीण."

"मालकीण रुसली तर?"

"भाडेकरू रस्त्यावर."

त्या दिवशी खुर्चीत बेकरीवाल्या बाई होत्या. स्मितदात्यांच्या शिष्येने त्यांना एका चांदीच्या पेल्यातून 'शोधनजल' दिलं. बाईंनी चूळ भरली, डोळे बारीक केले. "झणझणतंय ना?" स्मितदाता गर्दीकडे बघून म्हणाले, "पाप जागं झालं की झणझणणारच." मग त्यांनी बाईंचा वरचा ओठ दोन बोटांनी उचलला, पांढराशुभ्र रुमाल हिरडीवरून फिरवला आणि वर धरला. रुमालावर गडद, गुलाबी-लाल डाग उमटला होता. सतरंजीवरून एक लांब 'अरे बापरे' उठलं.

"हे साधं रक्त नाही. साधं रक्त तुम्हाला जगवतं. हे दूषित रक्त तुमचं हसू खातं. म्हणून याचा रंग बघा, किती निराळा आहे."

मग गुलाबी रंगाचं 'स्मितचूर्ण' हिरडीवर चोळलं गेलं. दुसऱ्या पेल्यातलं 'शमनजल' आलं. पुन्हा चूळ, पुन्हा नवा रुमाल. यावेळी रुमाल कोरा. आणि कमाल म्हणजे, मघाचा डागाळलेला रुमाल त्यांनी शमनजलाच्या घंगाळात सोडला, तर डाग लोकांच्या डोळ्यांदेखत विरघळून गेला. शेवटी दिव्यांची माळ लावलेला आरसा बाईंसमोर आला. हिरड्या कशा, नुकत्या रंगवलेल्या दारासारख्या. बाई स्वतःकडे बघून लाजल्या.

"सरकारी दंत रुग्णालयात एक डॉक्टरीणबाई हिरड्यांवर संशोधन करतात," हात पुसता पुसता स्मितदाता म्हणाले. "त्यांना विचारा, बाई, तुमच्या औषधाने गुण येतो का? त्या म्हणतात, अजून माहीत नाही." इथे ते थांबले. थांबावं कुठे, हे त्यांना बरोबर कळत असे. "आता मला विचारा."

गर्दी खदखदून हसली. मागे भिंतीला टेकून उभे असलेले मास्तरही हसले, आणि मग ते हसू त्यांनी अर्ध्यात गिळलं. कारण त्या डॉक्टरीणबाई म्हणजे त्यांची सून होती.

मास्तर शाळेतले मास्तर नव्हते. गावातल्या एकुलत्या एक ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांनी जन्म काढला होता, आणि निम्म्या गावाला गाडी शिकवली होती. सगळे त्यांना ब्रेकमास्तर म्हणत. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी कुणी वेगात बोलायला लागलं की त्यांचा उजवा पाय आपोआप जमीन दाबायचा. या वयातही त्यांचे वरचे दात मोत्यासारखे होते, असं गाव म्हणायचं. ते दात खरे नसून प्लॅस्टिकचे आहेत, आणि त्यावरची हिरडीही प्लॅस्टिकचीच आहे, हे फक्त घरच्यांना ठाऊक होतं. तारुण्यात हिरड्यांतून रक्त यायचं तेव्हा मास्तरांनी 'दुखत नाही ना, मग सोडा' म्हणून सोडून दिलं होतं. एकेक दात पिकल्या फळासारखा हातात आला. कवळी मात्र त्यांनी इतकी बेमालूम करून घेतली होती, की फोटोवाला आजही त्यांना 'मास्तर, जरा दात दाखवा' म्हणायचा.

ते या दुकानात आले होते ते आपल्या लेकीच्या मागावर. बेकरीवाल्या बाई उठल्या आणि खुर्चीत जी बसली, ती त्यांची लेक होती.

*

लेक एका हॉटेलात स्वागताच्या काउंटरवर नोकरीला होती. आल्यागेल्याकडे बघून हसणं हे तिचं निम्मं काम. पण तिच्या हिरड्या सुजून जांभळट झाल्या होत्या, ब्रश लावला की रक्त यायचं, आणि पुढचा एक दात किंचित हलत होता. एकदा मॅनेजरने 'तुम्ही ओठ मिटून हसलात तरी चालेल' असं फार गोड आवाजात सांगितलं, आणि त्या दिवसापासून ती हसायचीच थांबली. वहिनीच्या आग्रहावरून तिने रुग्णालयातल्या संशोधनात नाव दिलं. घरचं माणूस म्हणून वहिनीने तिला तपासायचं नाही, दुसऱ्या डॉक्टरने तपासायचं, असा तिथला नियम होता. पण लेक जेमतेम दोन वेळाच गेली.

"का सोडलंस ते तरी सांग," त्या दिवशी जेवताना सून म्हणाली.

"सांगते. तुमच्या त्या डॉक्टरांना मी विचारलं, दाताच्या मुळाशी खरवडून झाल्यावर तुम्ही जे जेल भरता, ते खरं औषध आहे का? त्या म्हणाल्या, निम्म्यांना खरं देतो, निम्म्यांना नुसतंच, औषध नसलेलं, आणि तुला कोणतं मिळेल ते मलाही माहीत नसेल. हे काय उत्तर झालं, वहिनी?"

"तेच खरं उत्तर आहे. डॉक्टरला माहीत असलं की तिला नसेल तिथेही सुधारणा दिसायला लागते. तिचीही आशा असते ना."

"आणि पुढे म्हणाल्या, सूज उतरली की हिरडी थोडी आक्रसेल, दात लांब दिसतील, मधे फटी दिसतील. म्हणजे मी बरं दिसायला जायचं आणि आणखी वाईट दिसून यायचं? तिकडे खुर्चीतून उठल्या उठल्या हिरड्या गुलाबी होतात. आरशात दिसतं."

"रंग लावल्यावर काहीही गुलाबी होतं. भिंतसुद्धा," सून म्हणाली.

"तुमचं दुकान बसलंय म्हणून तुम्ही जळता."

मास्तरांचा पाय टेबलाखाली जोरात दाबला गेला. पण ही गाडी त्यांच्या ब्रेकने थांबणारी नव्हती. लेक ताटावरून उठली. सून बराच वेळ भाताशी खेळत बसली. तिच्या संशोधनातले बरेच जण असेच गळाले होते, आणि ती कुणालाच खोटी खात्री देऊ शकत नव्हती.

"तो दात जाईल का गं?" मास्तरांनी विचारलं.

"आत्ता मुळाशी साफ केलं तर बहुतेक राहील. असाच गेला वेळ तर जाईल. आणि बाबा, तिच्या हिरड्यांवर पांढरे चट्टे उठलेत. ते पाणी काहीतरी जाळतंय. ती म्हणते, शुद्धी होतेय."

मास्तरांना रात्री उशाजवळच्या वाटीत कवळी काढून ठेवताना लेकीचा चेहरा आठवत राहिला. लेकीच्या नशिबी ही वाटी येऊ नये, एवढंच त्यांना वाटलं. आणि जरा वेळाने, त्यांचा मूळ स्वभाव उफाळून येऊन, त्यांना एक खोडी सुचली.

*

पुढच्या बैठकीला मास्तर स्वतः जाऊन खुर्चीत बसले.

"या मास्तर, या," स्मितदाता म्हणाले. गावात कोण कोण आहे याची माहिती त्यांनी आधीच काढून ठेवलेली असे. "या वयात असे दात. पण दात चांगले म्हणून हिरडी चांगली, असं नाही बरं का मंडळी."

मास्तरांचा बेत साधा होता. कवळीच्या हिरडीवरून रुमाल फिरेल, कोरा निघेल, आणि स्मितदाता काहीतरी सारवासारव करतील, तेवढीच गंमत. त्यांनी शोधनजलाची चूळ भरली. जीभ आणि गालांची आतली बाजू चुरचुरली. स्मितदात्यांनी ओठ उचलला, रुमाल फिरवला आणि वर धरला.

रुमाल लाल झाला होता.

"बघा," स्मितदाता म्हणाले, "वरून मोती आणि आत माती. किती वर्षांचं साचलेलं दूषित रक्त आहे हे."

मास्तरांना असा ठसका लागला की शिष्या पाठ चोळायला धावली. त्या गडबडीत तो लाल रुमाल मास्तरांनी खिशात कोंबला. कारखान्यात साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकला रक्त आलं होतं. हे त्यांनी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, हे खरं. पण समोर त्यांचे सगळे जुने विद्यार्थी बसले होते. आपले दात खोटे आहेत हे त्यांच्यासमोर कबूल करायला मास्तरांची जीभ उचलेना. शिवाय आधी लेकीला पुरावा दाखवावा, असं त्यांनी मनाला समजावलं.

घरी जायच्या वाटेवर दोघं-तिघं भेटले, गप्पा झाल्या. दारातून आत शिरताच त्यांनी आरोळी ठोकली, "इकडे या दोघी. माझ्या कवळीला रक्त आलं."

"काय?" सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. लेक कामावर निघायच्या तयारीत होती, तीही थांबली.

"तुझ्या त्या हिरडेमहाराजाने प्लॅस्टिकमधून रक्त काढलं. हा बघ पुरावा." मास्तरांनी जादूगाराच्या थाटात रुमाल झटकला.

रुमाल पांढरा होता. कोरा करकरीत.

"बाबा," लेक शांतपणे म्हणाली, "माझ्यासाठी तुम्ही खोटं बोलायची गरज नाही."

"अगं, मघाशी लाल होता. आईशप्पथ."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. म्हाताऱ्या माणसांकडे बघून झाल्यावर घरातल्या बायका एकमेकींकडे बघतात, तसं. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. "जाऊ दे, थुंकी लागलेला रुमाल आहे, धुऊन तरी टाकतो," असं पुटपुटत ते बेसिनपाशी गेले आणि त्यांनी रुमालाला कपड्यांचा साबण खसकन फासला.

साबण लागला तिथे रुमाल गुलाबी-लाल झाला. मास्तरांनी साबण खाली टाकला आणि दोन पावलं मागे सरकले.

"आता साबणालाही रक्त आलं," ते म्हणाले.

सून धावत आली. तिने रुमाल हातात घेतला, उलटसुलट केला, वास घेतला. मग तिने फ्रीजमधून अर्धं लिंबू आणलं आणि डागावर पिळलं. डाग गेला. साबण लावला, डाग आला. पुन्हा लिंबू, पुन्हा गायब. ती आधी गालात हसली, मग मोठ्याने, आणि शेवटी बेसिनखाली फरशीवर बसून डोळे पुसायला लागली.

"शाळेच्या प्रयोगशाळेत फेनॉल्फ्थॅलीन नावाचं एक द्रव्य असतं," बोलता आलं तेव्हा ती म्हणाली. "त्याला स्वतःचा रंग नाही. सोडा, साबण, चुना असं काही अल्कधर्मी लागलं की ते गुलाबी-लाल होतं, आंबट लागलं की पुन्हा रंग जातो. रुमाल आधीच त्यात बुडवून वाळवलेले आहेत. पहिल्या पाण्यात चुना असणार, दुसऱ्यात लिंबू नाहीतर व्हिनेगर. आणि हवेतही हा रंग हळूहळू फिका पडतो, म्हणून तुमच्या खिशातला गेला. खरं रक्त असं जातं का? कुठल्याही बाईला विचारा."

लेकीने घरी आणून ठेवलेली शोधनजलाची बाटली तिने मागितली. थोडं पाणी पेल्यात ओतून तिने नळीने त्यात श्वास फुंकला. पाणी ताकासारखं दुधाळ झालं. "चुन्याची निवळी. हीच तुझी शुद्धी. चट्टे भाजल्याचे आहेत."

लेक हसली नाही. "कवळीचं ठीक आहे," ती म्हणाली. "पण माझ्या हिरडीला रक्त येत होतं ते तर खरं होतं ना?"

"हो. तुझं खरं आहे. म्हणून तर मला काळजी वाटते."

"मग मला एकच सांगा. तुमच्याकडे आले तर मी नक्की बरी होईन?"

मास्तरांना वाटलं, एकदा 'हो' म्हण गं बाई, कोण तपासायला येणार आहे.

"साफसफाईने बऱ्याच जणांना बरं वाटतं, हे माहीत आहे," सून म्हणाली. "जेलने त्यात भर पडते का, ते माहीत नाही. तुझ्या त्या दाताची हमी मी देऊ शकत नाही."

"बघा," लेक म्हणाली, पर्स उचलली आणि कामाला निघून गेली.

*

नंतरच्या बैठकीला मास्तर रांगेत पहिले होते. सून मागे भिंतीपाशी उभी राहिली. लेकीने येणार नाही म्हणून सांगितलं होतं, पण ती सतरंजीच्या कडेला ओढणी पुढे ओढून बसलेली मास्तरांना दिसली.

"मास्तर पुन्हा आले," स्मितदाता प्रसन्नपणे म्हणाले. "एकदा गोडी लागली की सुटत नाही."

पेला, चूळ, रुमाल. रुमाल लाल झाला. सगळं ठरल्याप्रमाणे.

"हे रक्त नेमकं कुठून आलं म्हणायचं?" मास्तरांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"वरच्या हिरडीतून. हे बघा, इथून, पुढच्या दातांच्या वरून."

"नक्की?"

"मी डॉक्टर नाही, माहीत नाही म्हणायला."

हशा पिकला. मास्तरांनी तो विरू दिला. मग ज्या सगळ्यांना त्यांनी गिअर टाकायला शिकवलं होतं, ज्या सगळ्यांना त्यांचे मोती ठाऊक होते, त्यांच्यासमोर त्यांनी तोंडात अंगठा घातला, टक्कन आवाज झाला, आणि वरची अख्खी कवळी त्यांनी हातात धरली. त्यांचा वरचा ओठ आत बसला. चेहरा एकदम दहा वर्षांनी म्हातारा झाला.

"हीच ना हिरडी?" ते म्हणाले. दात नसल्यामुळे शब्द जरा पसरट निघाले, पण कळले सगळ्यांना.

मग बेकरीवाल्या बाई फुस्सकन हसल्या आणि पाठोपाठ सतरंजी हलायला लागली. पण स्मितदाता कच्च्या गुरूचे चेले नव्हते.

"कवळीखालच्या हिरडीतून रक्त झिरपून वर येतं," ते म्हणाले. "आणि अश्रद्ध माणसाची कवळीसुद्धा आजारी पडते, हे विसरू नका."

"बरोबर आहे," काही जण पुटपुटले.

"चला, तेही बघू," मास्तर म्हणाले. त्यांनी कोपऱ्यातल्या नळावर कवळी स्वच्छ धुतली, स्वतःच्या रुमालाने कोरडी केली, टेबलावर ठेवली आणि स्वतः दाराशी जाऊन उभे राहिले. "आता आमच्या दोघांत बरंच अंतर आहे. बघू कुणाचं रक्त झिरपतं. बेकरीवाल्या बाई, तुम्ही करा. यांचा हात नको, माझाही नको."

शिष्या पेला उचलून आत न्यायला निघाली होती, पण बाईंनी तो तिच्या हातून काढून घेतला. ज्या हातांनी रोज कणकेचे ढीग तिंबले जातात त्यांच्याशी कोण झोंबाझोंबी करणार. त्यांनी कवळीवर शोधनजल शिंपडलं आणि रुमाल फिरवला. लाल. बाईंनी रुमालाकडे बघितलं, मग टेबलाकडे. टेबलावर थोडं पाणी सांडलं होतं. त्यांनी रुमालाचा दुसरा कोपरा तिथे फिरवला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "टेबलालाही झालंय."

त्यानंतर कुणी कुणाला विचारलं नाही. रुमालांची चळत आणि शोधनजलाचा पेला हातोहात फिरला. खुर्चीच्या दांड्याला रक्त आलं. आरशाच्या चौकटीला आलं. एका म्हाताऱ्याने आपल्या काठीची मूठ पुसली, ती तर भलतीच दूषित निघाली. कुणीतरी स्मितदात्यांची एक गुलाबी सपात पळवली आणि तिलाही रक्त आलं, तेव्हा लोक पोट धरून खाली बसले.

गलका ओसरल्यावर सून पुढे आली आणि तिने साध्या शब्दांत सगळं सांगितलं. रुमालात काय आहे, चुना काय करतो, आंबट पाणी काय करतं, चूर्णात रंग कसा आहे. लोक ऐकत होते, पण बऱ्याच जणांचे चेहरे पडले होते. हसून झाल्यावर आपणही याच खुर्चीत बसलो होतो, हे आठवत असतं.

"ते खोटं असेल," मागून एक जण कुरकुरला, "पण माझ्या हिरड्या बऱ्या झाल्यात, त्याचं काय?"

तेव्हा लेक उठली. ती काही न बोलता खुर्चीपाशी आली, आपल्या बाटलीतल्या साध्या पाण्याने तिने चूळ भरली आणि वहिनीकडे हात केला. सुनेने पर्समधला आपला घरचा रुमाल दिला. लेकीने आरशात बघून तो स्वतःच्या वरच्या हिरडीवरून फिरवला. हलकेच, दाबसुद्धा न देता.

रुमालावर एक छोटा डाग उमटला. त्याचा रंग मघाच्या रुमालांसारखा भडक नव्हता. साधा, तांबडा, कडेला थोडा पिवळसर.

"मी इथे सगळ्यांत जास्त वेळा आले असेन," ती म्हणाली. "चूर्ण रोज लावलं." तिने तो रुमाल स्मितदात्यांसमोर घंगाळातल्या शमनजलात बुडवला, चोळला, पुन्हा बुडवला आणि पिळून वर धरला. डाग होता तिथेच होता. थोडा पसरला होता, एवढंच.

दुकानात कुणी हसलं नाही. स्मितदात्यांनी तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच त्यांना कुठे थांबावं ते कळलं नाही. ते म्हणाले, "ताई, तुमची श्रद्धा..." आणि लेक म्हणाली, "श्रद्धा भरपूर होती हो. दात नाही राहणार अशाने."

मास्तर टेबलाकडे गेले, आपली कवळी धुऊन घेतली आणि तोंडात बसवली. मग लेकीचा हात धरून बाहेर पडले.

*

स्मितदाता दोन दिवसांत गाव सोडून गेले. आरोग्य खात्याच्या माणसांना फक्त खुर्ची आणि रुमालांची चळत सापडली. सगळे शहाणे झाले, असं काही झालं नाही. औषधांच्या दुकानदाराची आई अजूनही स्मितचूर्णाचा डबा जपून वापरते आणि विषय निघाला की दाराआड जाते. मास्तरांना मात्र आता रस्त्यात लोक 'मोती कसे आहेत?' विचारतात, आणि मास्तर विचारणाऱ्याला 'तुमचे अस्सल आहेत ना, मग दाखवा डॉक्टरला' म्हणून रुग्णालयात पिटाळतात.

लेक परत गेली. भाजलेलं भरून आल्यावर दुसऱ्या डॉक्टरने मुळाशी साचलेलं कीटण खरवडून काढलं आणि तिच्या वाट्याचं जेल भरलं. दुखलं, आणि सांगितल्याप्रमाणे दात थोडे लांब दिसायला लागले, मधे एक फटही दिसली. त्या संध्याकाळी ती आरशासमोरून रागारागाने उठली आणि वहिनीशी बोलली नाही. पण रोज दोन वेळा मऊ ब्रश फिरवायचा, दातांच्या फटींतून बारीक ब्रश घालायचा, हे तिने सोडलं नाही. हळूहळू रक्त थांबलं. हलणारा दात घट्ट झाला.

बऱ्याच महिन्यांनी संशोधन संपलं, आणि सुनेने त्यात भाग घेतलेल्यांना आणि इतर गावकऱ्यांनाही रुग्णालयाच्या सभागृहात बोलावून निकाल सांगितला. मास्तर मागच्या रांगेत होते.

"कुणाला खरं जेल दिलं आणि कुणाला नुसतं, ते आता उघड झालंय," ती म्हणाली. "दोन्ही गटांच्या हिरड्या सुधारल्या. जवळजवळ सारख्याच. म्हणजे गुण आला तो मुळाशी केलेल्या सफाईने आणि तुम्ही घरी रोज घासलंत त्याने. जेलने म्हणावी अशी भर पडली नाही."

"म्हणजे तुझं औषध फुसकं निघालं?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

"हो," सून म्हणाली. तिचा चेहरा उतरलेला होता. तिने त्या जेलवर किती जीव लावला होता, हे घरच्यांना माहीत होतं. "मला वाटत होतं, ते चालेल. मी चुकले. आणि हे मी असंच छापणार आहे, म्हणजे उद्या कुणी तुम्हाला ते महागात विकायला नको."

पहिल्या रांगेत बसलेली लेक तेव्हा मागे वळली. "बाबा, मला त्यातलं नुसतंच मिळालं होतं," ती म्हणाली. "आत्ताच कळलं."

बेकरीवाल्या बाईंनी हात वर केला. "डॉक्टरीणबाई, आम्ही शिकलेलो नाही. रुमालात काय आणि पाण्यात काय, आम्हाला कसं कळणार? उद्या दुसरा येईल, तो दुसरीच युक्ती आणेल."

"येईलच," सून म्हणाली. "युक्ती ओळखायच्या भानगडीत पडूच नका. त्याला एवढंच विचारा, तुझं औषध खोटं असेल तर ते मला कशावरून कळेल? आणि तसं कळायची सोय तो करू देतो का, ते बघा. आपल्या रुमालाने, आपल्या पाण्याने, त्याचा हात न लागता. जो करू देईल त्याच्यासमोर तोंड उघडा. मी असले तरी आधी हेच विचारा. जो करू देणार नाही, त्याच्या खुर्चीतून उठा आणि घरी जाऊन दात घासा."